हेडफोन ॲम्पच्या पॉवर सप्लायसाठी कॅबिनेट कसं निवडायचं

सोलापुरात जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत जोडलेला पॉवर सप्लाय छान चालतो. एप्रिल लागला की तोच सप्लाय दुपारी तासाभरात आवाज तोडायला लागतो, आणि रात्री पुन्हा ठीक होतो. मग सोल्डर पुन्हा मारलं जातं, आयसी बदलले जातात, कॅपॅसिटर बदलले जातात. दोष बहुतेक वेळा कॅबिनेटचा असतो. एलएम३१७ किंवा ७८१५ सारखा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी) आतून फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आउटपुट बंद करतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू करतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, स्लॅबखालच्या वरच्या खोलीत दुपारी ४० अंश सहज असतात. बाहेरची हवाच चाळिशीत असेल, तर बंद कॅबिनेटमधल्या रेग्युलेटरला उष्णता सोडायला जागा फार थोडी उरते.

त्यामुळे सर्किट पूर्ण झाल्यावर 'आता हे कशात बसवू' असा शोध घेण्याची पद्धत सोडून द्यावी. कॅबिनेटला तीन कामं करायची असतात: २३० व्होल्टपासून माणसाला वाचवणं, आतली उष्णता बाहेर काढणं आणि ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ॲम्पपर्यंत पोचू न देणं. महत्त्वाचा क्रमही हाच. दिसणं त्यानंतर.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. मेन्सच्या वायरिंगचा सराव नसेल, तर २३० व्होल्ट कॅबिनेटमध्ये आणूच नका. एसी आउटपुट देणारा सीलबंद ॲडॉप्टर मिळतो. तो भिंतीच्या सॉकेटमध्ये राहतो आणि तुमच्या कॅबिनेटमध्ये फक्त १५ व्होल्ट एसी येतं. दोन डायोड आणि दोन मोठे कॅपॅसिटर लावून त्यातूनच प्लस आणि मायनस अशा दोन्ही रेल (व्होल्टेजच्या लाइनी) मिळतात. रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) १०० ऐवजी ५० हर्ट्झचा होतो, म्हणून कॅपॅसिटर दुप्पट घ्यावे लागतात, एवढंच. अशा सप्लायला कुठलंही कॅबिनेट चालतं, प्लॅस्टिकचंसुद्धा. मात्र ॲडॉप्टरवर 'आउटपुट एसी' छापलेलं आहे ना, हे नीट पाहून घ्या. बाजारात मिळणारे बहुतेक ॲडॉप्टर डीसी असतात.

आधी ट्रान्सफॉर्मर ठरवा

कॅबिनेट किती मोठं हवं, हे आत किती वॅट उष्णता तयार होणार यावर ठरतं, आणि ती उष्णता ट्रान्सफॉर्मरच्या निवडीवर. उदाहरण घेऊ. ॲम्पला प्लस-मायनस १५ व्होल्ट हवेत, प्रत्येक रेलवर १५० मिलिअँपिअर. दुकानात गेलं की बहुतेक जण १८-०-१८ (मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट देणारा) घेतात, 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून. त्यातून रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडनंतर) प्रत्येक रेलवर साधारण २४.५ व्होल्ट मिळतात. लोड कमी असल्यानं प्रत्यक्षात ते २७ पर्यंतही चढतात. रेग्युलेटरला १२ व्होल्ट जाळावे लागतात: १२ गुणिले ०.१५ म्हणजे १.८ वॅट. दोन रेग्युलेटर मिळून ३.६ वॅट.

तेच १५-०-१५ घेतला तर रेक्टिफायरनंतर २०.४ व्होल्ट, कमी लोडला २२.४ पर्यंत. प्रत्येक रेग्युलेटरवर जळतात १.१ वॅट, म्हणजे जवळपास चाळीस टक्के कमी. पण उन्हाळ्यात संध्याकाळी लाइन २०५ पर्यंत उतरली तर पुरेल का? १५ चे १३.४ होतात, रेक्टिफायरनंतर १८.१ उरतात. २२०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरवर १५० मिलिअँपिअरला रिपल ०.७ व्होल्ट, तो वजा केला की १७.४. रेग्युलेटरला स्वतःसाठी दोन व्होल्ट लागतात, ते मिळतात. म्हणजे १५-०-१५ पुरतो. तुमच्याकडे लाइन २०० च्या खाली उतरत असेल तरच १८-०-१८ कडे जा, आणि मग हीटसिंक वाढवा.

आता बेरीज. दोन रेग्युलेटरचे जवळपास दोन वॅट, ट्रान्सफॉर्मरचे स्वतःचे दोन-तीन वॅट (लोड नसतानाही गाभा तापतोच), रेक्टिफायरचे थोडे. एकूण पाच वॅट धरा. १८-०-१८ वर हेच सात वॅट होतात.

बंद, रंगवलेल्या कॅबिनेटचा हिशेब ढोबळ पण उपयोगी आहे: पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे, प्रत्येक अंशाला साधारण ७ ते ८ वॅट बाहेर जातात. टेबलावर टेकलेला तळ मोजायचा नाही. १५० बाय १४० बाय ८६ मिलिमीटरच्या कॅबिनेटचं उरलेलं क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर भरतं. म्हणजे पत्रा एक अंश तापला की अर्ध्या वॅटपेक्षा थोडं जास्त बाहेर जातं. पाच वॅटला नऊ अंश, सात वॅटला बारा-तेरा. खोलीत ४० असतील तर पत्रा ५० ते ५३, आणि आतली हवा ६० च्या आसपास.

साठ अंशांच्या हवेत उघडा उभा केलेला, हीटसिंक नसलेला रेग्युलेटर दर वॅटला साधारण ५० अंश चढतो. १.८ वॅटला ९० अंश. साठ अधिक नव्वद म्हणजे १५०, आणि त्याची मर्यादा १२५ ची. जानेवारीत याच जागी आतली हवा ४५ अंश असते, म्हणून तेव्हा तो मर्यादा थोडी ओलांडूनही कसाबसा तग धरतो.

कॅपॅसिटरचंही हेच गणित. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर त्याच्या छापील तापमानापेक्षा जितके दहा-दहा अंश थंड राहतो, तितक्या वेळा त्याचं आयुष्य दुप्पट होतं. ८५ अंशांचा, २००० तासांचा कॅपॅसिटर ६५ अंशांत ८००० तास टिकतो. १०५ अंशांचा तेवढ्याच तासांचा घेतला तर ३२,००० तास. किमतीतला फरक किरकोळ असतो. सोलापुरात वापरायच्या सप्लायमध्ये १०५ अंशांचेच घाला.

भोकं पाडायची की नाहीत

हवेसाठी झाकणाला भोकं पाडायची, हा पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो. कोरड्या, स्वच्छ खोलीत तो बरोबर आहे: खालच्या बाजूला एक रांग, वरच्या बाजूला एक रांग, म्हणजे गरम हवा वरून निघते आणि थंड हवा खालून येते. फक्त वरच भोकं असतील तर फारसा उपयोग नाही. पण सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या आसपास घर असेल, तर हवेतले सुताचे बारीक तंतू काही महिन्यांत आत गोळा होतात. ते ट्रान्सफॉर्मरवर आणि कॅपॅसिटरच्या पायांमध्ये बसतात, पावसाळ्यात ओल धरतात. मेन्सच्या टर्मिनलवर ओलसर तंतू म्हणजे ठिणगी पडण्याची सोय. बारीक जाळी लावली तर तंतू जाळीवर बसतात आणि हवा थांबते.

म्हणून आमचं मत बंद कॅबिनेटच्या बाजूनं आहे: भोकं नाहीत, आणि रेग्युलेटर थेट पत्र्याला कसलेले. मग पूर्ण कॅबिनेट हीटसिंक होतं आणि उष्णता आतल्या हवेत जातच नाही. पाच-सात वॅटपर्यंत हे आरामात चालतं. क्लास ए ॲम्पसाठी अर्धा-एक अँपिअर काढणारा सप्लाय असेल तर मात्र बाहेरच्या बाजूला पंखांचं हीटसिंक लावावंच लागतं. भोकं पाडलीच, तर ती तीन मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत आणि मेन्सच्या टर्मिनलच्या बरोबर वर नकोत, म्हणजे एखादा स्क्रू किंवा पिन आत पडून अनर्थ होणार नाही.

रंगाचा एक मुद्दा दुर्लक्षित राहतो. चकचकीत, उघडं ॲल्युमिनियम दिसतं छान, पण उष्णता बाहेर फेकण्यात फार कमी पडतं. तोच पत्रा रंगवला, पावडर कोटिंग केला किंवा अ‍ॅनोडाइझ केला की खूप जास्त उष्णता सोडतो. रंग काळाच हवा असंही नाही, कुठलाही साधा रंग चालतो. फक्त मेटॅलिक नको.

लोखंडी पत्रा की ॲल्युमिनियम

लोकांना वाटतं, धातूचं कॅबिनेट म्हटलं की हम (गुणगुण) संपला. तसं नाही. रेडिओचे सिग्नल, मोबाइलची टिकटिक, ट्यूबलाइटची खरखर हे सगळं ॲल्युमिनियम अडवतं. ट्रान्सफॉर्मरभोवतीचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मात्र ॲल्युमिनियममधून जवळजवळ अडथळ्याशिवाय पलीकडे जातं. ते नीट अडवायला ॲल्युमिनियमची जाडी सेंटिमीटरच्या पुढे लागेल. साध्या लोखंडी पत्र्याला हेच काम एक मिलिमीटरमध्ये बऱ्यापैकी जमतं, कारण लोखंड चुंबकीय रेषा स्वतःत ओढून घेतं.

म्हणून ॲम्प आणि सप्लाय एकाच कॅबिनेटमध्ये असतील किंवा दोन कॅबिनेट एकमेकांवर ठेवायची असतील, तर सप्लायचं कॅबिनेट लोखंडी घ्या. सप्लाय अर्धा मीटर लांब ठेवायचा असेल तर ॲल्युमिनियम चालेल. अंतर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे: ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं, अंतर दुप्पट केलं की ते एक-अष्टमांश उरतं.

स्टीलच्या डब्याबद्दल आवर्जून सांगायला हवं, कारण स्वयंपाकघरातला एखादा देखणा डबा पाहून मोह होतोच. घरातलं बरंचसं भांड्यांचं स्टील चुंबकाला चिकटत नाही. जे चिकटत नाही ते ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्रही अडवत नाही. फ्रीजवरचा चुंबक काढून डब्याला लावून पाहा. शिवाय असं स्टील भोकं पाडायला त्रासदायक असतं, ड्रिल जळतो आणि धार पातळ, वस्तऱ्यासारखी येते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला चुंबक चिकटतो, पण तो पत्रा इतका पातळ असतो की ट्रान्सफॉर्मरच्या वजनानं वाकतो.

लाकडाचं कॅबिनेट मेन्ससाठी नको. हौस असेल तर आत पूर्ण पत्र्याचं कॅबिनेट बसवून बाहेर लाकडाचे गाल लावा. ॲक्रिलिकचंही तसंच.

मेलेल्या एसएमपीएसचं कॅबिनेट

पहिला सप्लाय बनवणाऱ्याला आम्ही कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसचंच कॅबिनेट सुचवतो. दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेले एसएमपीएस पडून असतात. साध्या एटीएक्सचं माप १५० बाय १४० बाय ८६ मिलिमीटर, म्हणजे वर हिशेब केला तेच. पत्रा लोखंडी, मेन्सचं सॉकेट बसवलेलं, अर्थिंगचा स्क्रू जागेवर, कधी कधी रॉकर स्विचही. मेन्सच्या सॉकेटचं चौकोनी भोक हाताने पाडणं हे कॅबिनेटमधलं सगळ्यात किचकट काम असतं, ते इथे आयतं मिळतं.

उघडण्याआधी एक खबरदारी. एसएमपीएसच्या आतल्या दोन मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतं, आणि बिघडलेल्या युनिटमध्ये ते बराच वेळ टिकू शकतं. प्लग काढून रात्रभर ठेवा. उघडल्यावर हात लावण्याआधी मल्टिमीटरच्या डीसी रेंजवर त्या कॅपॅसिटरच्या पायांवर व्होल्टेज बघा. काही उरलं असेल तर १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी अर्धा मिनिट धरा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नका, टोक वितळतं आणि डोळ्यांत ठिणगी उडते.

आतलं सर्किट पूर्ण काढा, सॉकेट आणि अर्थिंगचा स्क्रू ठेवा. मागच्या बाजूला ८० मिलिमीटरचा पंखा असलेलं जुनं मॉडेल मिळालं तर उत्तम, कारण नव्या मॉडेलमध्ये झाकणावर १२० मिलिमीटरचं मोठं भोक असतं आणि ते पत्र्याच्या तुकड्यानं झाकावं लागतं. पंखा नको: आवाज करतो, धूळ ओढतो. त्या गोल भोकावर दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट चार स्क्रूंनी बसवा आणि रेग्युलेटर तिलाच कसा. प्लेट आणि पत्रा यांच्यामध्ये रंग असेल तर खरवडा, मध्ये थर्मल पेस्ट लावा.

रॉकर स्विच असेल तर तो एका वायरला तोडतो की दोन्ही, हे मीटरनं तपासा. आपल्याकडे बोर्डमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे लागलेले सर्रास सापडतात. फक्त एक वायर तोडणारा स्विच असेल तर बंद केलेल्या सप्लायमध्येही फेज जिवंत राहू शकते. दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच घ्या.

बनवून घ्यायचं असेल तर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसी भागात पत्रा बेंड करणाऱ्या वर्कशॉपमध्ये एखाद-दुसरं कॅबिनेटही करून मिळू शकतं, फक्त नकाशा स्वच्छ हवा. सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर. ट्रान्सफॉर्मर एक किलोच्या पुढे असेल तर तळ १६ गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटरचा. दोन यू आकाराचे भाग एकमेकांत बसणारे, हा प्रकार करायला सगळ्यात सोपा. मापं देताना 'आतून' की 'बाहेरून' हे प्रत्येक आकड्यापुढे लिहा. झाकण न बसण्याचं नेहमीचं कारण हेच असतं.

भोकं बेंड करण्याआधी पाडून घ्या, पण वाकणाऱ्या रेषेपासून किमान पाच मिलिमीटर लांब. त्यापेक्षा जवळचं भोक वाकवताना लांबट होतं. मेन्सच्या साध्या सॉकेटला साधारण २७ बाय २० मिलिमीटरचं भोक आणि ४० मिलिमीटर अंतरावर दोन स्क्रू लागतात. फ्यूजवालं सॉकेट उंच असतं, ते आधी हातात घ्या आणि मोजूनच काढा. पावडर कोटिंगला देताना अर्थिंगच्या बोल्टची जागा आणि झाकणाच्या स्क्रूंच्या जागा टेपनं झाकायला सांगा.

माप ठरवायला पुठ्ठा घ्या. ट्रान्सफॉर्मर, कॅपॅसिटर, सॉकेट, स्विच, टर्मिनल असे सगळे भाग पुठ्ठ्यावर मांडा, वायरींसाठी बोटभर जागा सोडा, मग आतलं माप काढा. उंची सगळ्यात उंच भागापेक्षा दहा मिलिमीटर जास्त. मांडणी अशी ठेवा की मेन्सचं सॉकेट, फ्यूज, स्विच आणि ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी एका टोकाला राहील आणि डीसी आउटपुट दुसऱ्या टोकाला. मेन्सचे उघडे भाग आणि सेकंडरीचे भाग यांच्यात किमान आठ मिलिमीटर अंतर हवं, आणि एखादी वायर सुटली तरी ती पलीकडे पोचणार नाही अशी बांधलेली हवी. समोरच्या पॅनेलवर स्विच हवा म्हणून मेन्सची वायर पूर्ण कॅबिनेटभर फिरवू नका. स्विच मागे असला तरी काही बिघडत नाही.

टोरॉइड आणि त्याचा एकच बोल्ट

टोरॉइड, म्हणजे गोल कडीसारखा ट्रान्सफॉर्मर, कमी क्षेत्र पसरवतो आणि बुटका असतो, म्हणून कॅबिनेटला सोयीचा. तो मधल्या भोकातून एका बोल्टनं बसतो. तो बोल्ट लांब असला आणि वरचं टोक झाकणाला टेकलं, तर बोल्ट, झाकण, बाजू आणि तळ मिळून गाभ्याभोवती एक पूर्ण वेढा तयार होतो. एका वेढ्यात व्होल्टेज अगदी थोडं असतं, पण पत्र्याचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असल्यानं करंट प्रचंड वाहतो आणि फ्यूज उडाला नाही तर ट्रान्सफॉर्मर जळतो. बोल्टचं टोक आणि झाकण यांच्यात दहा मिलिमीटर अंतर ठेवा. झाकण हाताने दाबून पाहा, दाबल्यावरही टेकायला नको. खाली-वर रबराच्या चकत्या हव्यातच, आणि बोल्ट फार आवळायचा नाही, नाहीतर आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन चिरडतं.

साधा चौकोनी ईआय ट्रान्सफॉर्मर घेतला असेल तर तो पक्का कसण्याआधी दिशा शोधा. ॲम्पचा इनपुट शॉर्ट करा, हेडफोन लावा, आवाज नेहमीच्या जागी ठेवा. सप्लाय बंद करून ट्रान्सफॉर्मर ९० अंश फिरवा, झाकण लावा, चालू करून ऐका. तिन्ही दिशांनी हे केलं की एका दिशेला हम स्पष्ट कमी होतो. चालू असताना हातानं फिरवायचा मोह टाळा. जाडसर, खोल 'हूं' असेल तर ते ५० हर्ट्झ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र किंवा अर्थ लूप, आणि दिशा किंवा अंतर बदलून ते क्षेत्राचं आहे की नाही कळतं. त्याहून तीक्ष्ण गुणगुण असेल तर ते १०० हर्ट्झ, रेक्टिफायरच्या वायरिंगमधून आलेलं. त्याला कॅबिनेट कितीही बदललं तरी फरक पडत नाही. ग्राउंडची वायर फिल्टर कॅपॅसिटरच्या जोडावरून घेतली आहे की रेक्टिफायरकडून, ते बघा. ती कॅपॅसिटरनंतरच घ्यायची.

रेग्युलेटरची पाठ

पत्र्याला रेग्युलेटर कसताना इथे हमखास घोटाळा होतो, कारण प्रत्येक आयसीची धातूची पाठ वेगळ्या पायाला जोडलेली असते. ७८१५ ची पाठ ग्राउंडला. ७९१५ ची पाठ इनपुटला, म्हणजे तिच्यावर मायनस २० व्होल्ट. एलएम३१७ ची आउटपुटला, एलएम३३७ ची इनपुटला. ७८१५ थेट पत्र्याला कसून चाललं, म्हणून ७९१५ ही तसाच कसला, की मायनस रेल अर्थिंगला शॉर्ट होते. आणि ७८१५ सुद्धा थेट कसू नका: त्यानं ऑडिओचं ग्राउंड नको त्या जागी कॅबिनेटला जोडलं जातं आणि लॅपटॉप जोडला की हम येतो.

चौघांनाही अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पॅड आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश लावा. अभ्रक असेल तर दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ थर, सिलिकॉन असेल तर पेस्ट नको. भोकाची कड आधी मोठ्या ड्रिलनं हलकी फिरवून गुळगुळीत करा, बारीक धारदार कंगोरा राहिला तर तो पॅडमधून आरपार जातो. कसल्यावर पाठ आणि पत्रा यांच्यात मीटर लावा, रीडिंग यायलाच नको.

अर्थिंग

धातूच्या कॅबिनेटला थ्री-पिन आणि अर्थिंग याला पर्याय नाही. हम जातो म्हणून अर्थची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन ज्या दिवशी जातं, त्या दिवशी कॅबिनेटवर २३० व्होल्ट येतात आणि हेडफोन तर थेट डोक्यावर असतात.

सॉकेटच्या अर्थ पिनपासून हिरव्या-पिवळ्या वायरनं, ०.७५ चौरस मिलिमीटर किंवा जाड, सरळ कॅबिनेटच्या बोल्टवर या. बोल्ट एम४, फक्त अर्थिंगसाठीच. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर अर्थ जोडू नका, उद्या ट्रान्सफॉर्मर काढला की अर्थही सुटतं. वायरला क्रिंप केलेलं थिंबल लावा. नुसतं सोल्डर नको, कारण फॉल्टच्या वेळी वायर तापून सोल्डर वितळू शकतं. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा. अ‍ॅनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचा थर डोळ्यांना धातूच वाटतो, पण तो इन्सुलेटर असतो, तोही खरवडायचा. वर थिंबल, दातेरी वॉशर, नट आणि सैल पडू नये म्हणून दुसरा नट. अर्थची वायर फेज आणि न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबलला हिसका बसला तर ती सगळ्यांत शेवटी तुटेल. झाकण रंगवलेलं असेल तर त्यालाही स्वतंत्र वायर.

ऑडिओचं ग्राउंड कॅबिनेटला एकाच ठिकाणी जोडा: १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर उलटसुलट दोन जाड डायोड. ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर वापरला की त्याची प्लस आणि मायनस टोकं शॉर्ट करून, उरलेल्या दोन एसी टोकांमध्ये हे काम होतं. अर्थ लूपचा हम यानं जातो आणि फॉल्टचा करंट अडत नाही.

हे सगळं घरच्या अर्थिंगवर अवलंबून आहे. सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात नियमित पाणी घाला. फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटर २३० दाखवतो यावर विसंबू नका, कच्चं अर्थिंगही तेवढंच दाखवतं. वायरमनकडून अर्थ टेस्टरनं तपासून घ्या आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

फ्यूज प्रायमरीला, फेजच्या वायरमध्ये, स्विचच्या आधी. ३६ व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला ०.१६ अँपिअर लागतो, म्हणून २५० मिलिअँपिअरचा, टी छापलेला मंद फ्यूज. झटपट उडणारा घातला तर टोरॉइड चालू होतानाच्या झटक्यानं तो विनाकारण उडत राहील, आणि मग माणूस वैतागून दोन अँपिअरचा घालतो, म्हणजे फ्यूज नसल्यासारखंच.

ॲम्प वेगळ्या कॅबिनेटमध्ये असेल तर

मधल्या केबलला जीएक्स१६ चार पिनांचा कनेक्टर सोयीचा, त्याला १६ मिलिमीटरचं भोक लागतं. त्याच्या पॅनेलवरच्या भागात बहुधा उघड्या पिना असतात. तो सप्लायवर लावला तर केबल काढल्यावर पिनांवर व्होल्टेज उघडं राहतं, एक चावी पडली तरी शॉर्ट. म्हणून सप्लायमधून केबल ग्लँडमधून कायमची बाहेर काढा, तिच्या टोकाला भोकांचा प्लग आणि पिनांचा भाग ॲम्पवर. मेन्ससारखा दिसणारा कनेक्टर किंवा माइकचा एक्सएलआर वापरू नका, कधीतरी कुणीतरी माइक त्यात खुपसतंच. ०.५ चौरस मिलिमीटरची एक मीटर वायर फक्त ०.०३५ ओहमची असते, १५० मिलिअँपिअरला जाणारं व्होल्टेज नगण्य.

पहिल्यांदा चालू करताना

आधी प्लग न लावता. प्लगच्या जाड अर्थ पिनपासून कॅबिनेटपर्यंत, झाकणापर्यंत, हीटसिंक प्लेटपर्यंत मीटरनं मोजा: अर्ध्या ओहमपेक्षा कमी यायला हवं (मीटरच्या प्रोब्सचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करून). मग फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून त्यांच्यापासून कॅबिनेटपर्यंत: काहीच यायला नको. वायरमनकडे मेगर (इन्सुलेशन मोजणारं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर दोन मेगाओहमच्या वर.

नंतर सिरीज बोर्डवर (त्यात बल्ब आणि सप्लाय एकामागे एक जोडलेले असतात), ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावून. एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून विझला किंवा अगदी मंद राहिला तर ठीक. प्रखर पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ठीक असेल तर ॲम्प न जोडता दोन्ही रेल मोजा, मग प्रत्येक रेलवर १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावा, म्हणजे बरोबर १५० मिलिअँपिअर जातात. सिरीज बल्ब काढा, झाकण लावा आणि भर दुपारी दोन तास चालू ठेवा. रेझिस्टर खूप तापतात, ते कॅबिनेटबाहेर, फरशीवर ठेवा.

दोन तासांनी पत्र्यावर तळहात ठेवा. दहा सेकंद ठेवता आला तर पत्रा ५५ अंशांच्या आत आहे. हात लगेच काढावा लागला तर हीटसिंक वाढवा किंवा ट्रान्सफॉर्मर कमी व्होल्टचा घ्या. मग प्लग काढा, कॅपॅसिटर रिकामे होऊ द्या, झाकण उघडा आणि अर्थिंगचा नट, ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट, रेग्युलेटरचे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या. पहिल्या तापण्या-निवण्यात ते थोडे सैल होतात.